दुसरा इब्राहिम आदिलशाह : चरित्रातून उमगणारी ‘इस्लामी कला’

‘बौद्ध कला’ म्हटले की स्तूप, चैत्य आणि विहार डोळ्यांसमोर येतात. ‘इस्लामी कला’ ही संज्ञा मात्र मशिदीप्रमाणेच राजवाडा, गालिचा, लघुचित्र आणि सुरई यांनाही लावली जाते. मग ही संज्ञा धर्माची वाचक मानायची, सत्तेची की संस्कृतीची? विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशाह (१५७१–१६२७) याच्या चरित्राच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू.

१५८० मध्ये पहिला अली आदिलशाह मारला गेला आणि त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर आला. अलीची विधवा पत्नी चांदबिबी ही अहमदनगरच्या निजामशाही घराण्यातली. बालसुलतानाचा सांभाळ प्रथम तिने केला. नंतर सत्ता सरदारांच्या हाती गेली. १५९० मध्ये दिलावरखानाला दूर सारून इब्राहिमाने कारभार स्वतःकडे घेतला.

हे राज्य बहुभाषिक होते. दरबारी लेखन फारसीत होई, बोलण्यात दखनी असे आणि महसुली व्यवहारात मराठी व कन्नड यांना स्थान होते. १६२५ च्या सुमारास शहाजीराजे भोसलेही या दरबारी चाकरीत होते. मराठीसोबत तेलुगू, गोंडी आणि कोलामी ऐकत वाढणाऱ्या मुकुटबन परिसरातील विद्यार्थ्याला असे भाषिक सहजीवन अपरिचित वाटणार नाही.

इब्राहिम स्वतः संगीतज्ञ, कवी आणि सुलेखनकार होता. इराणातून आलेल्या फर्रुख हुसैनसारख्या चित्रकाराला त्याने आश्रय दिला. ‘किताब-इ-नौरस’ हा त्याचा दखनी गीतसंग्रह रागांनुसार रचलेला आहे. त्यात सरस्वती व गणपती यांचे स्तवन आहे, तसेच प्रेषित मुहंमद आणि गुलबर्ग्याचे सूफी संत गेसूदराज यांचेही. ‘नौरस’ हा शब्दच पाहा. फारसी जाणणाऱ्याला त्यातून नव्याने पक्व झालेले असा अर्थ लागतो, तर देशी कानाला नऊ रस ऐकू येतात. हा शब्द सुलतानाला इतका प्रिय होता की १५९९ मध्ये वसवायला घेतलेल्या नगरालाही त्याने नौरसपूर हेच नाव दिले. १६२४ मध्ये मलिक अंबरच्या सैन्याने ते नगर उद्ध्वस्त केले.

आता व्याख्यांकडे वळू. उपासनेशी संबंधित तेवढीच कला इस्लामी मानली, तर ‘नौरस’मधील सरस्वतीस्तवन तिच्या कक्षेबाहेर राहते. याउलट, मुस्लिम सत्तेखाली निर्माण झालेली सर्व कला इस्लामी मानली, तर निजामशाहीतील पैठणच्या एकनाथांची भारुडेही तिच्यात मोजावी लागतील. पहिली व्याख्या अपुरी पडते. दुसरी अतिव्याप्त ठरते. विसाव्या शतकात अमेरिकन इतिहासकार मार्शल हॉजसन यांनी धर्म आणि त्याच्याभोवती वाढलेली संस्कृती यांत भेद करून दुसऱ्या अर्थासाठी ‘इस्लामिकेट’ ही संज्ञा सुचवली. या संस्कृतीत मुस्लिमांबरोबर मुस्लिमेतरांचाही वाटा असतो.

विजापूरचा इब्राहिम रौजा या भेदाची कसोटी पाहतो. राणी ताज सुलताना हिच्यासाठी योजलेल्या या वास्तूत कबर आणि मशीद एकाच चौथऱ्यावर समोरासमोर आहेत. भिंतींवर आणि खिडक्यांच्या जाळ्यांत अरबी अक्षरे कोरलेली आहेत. ही अक्षरे धर्माशी निगडित आहेत. पण छज्जांखालचे भरदार हस्त आणि दगडात घडवलेल्या साखळ्या दख्खनच्या पाथरवटांचे कसब दाखवतात. इथे धर्म आणि प्रदेश एकाच दगडात नांदतात. त्यांना वेगळे काढता येत नाही, केवळ ओळखता येते. १६२७ मध्ये इब्राहिम निवर्तला आणि त्याचे दफन याच रौज्यात झाले.

म्हणून संज्ञा टाकून देण्याचे कारण नाही; ती सावधपणे वापरावयास हवी. कलाकृती कोणी घडवली, कोणासाठी आणि कोणत्या भाषेत, हे प्रश्न आधी विचारावेत. अन्यथा एका विशेषणापायी एखादी कलाकृती आपल्या वारशातून वगळली जाते आणि ती वगळली गेल्याचे आपल्या ध्यानातही येत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न : आपल्या परिसरातील एखादी मशीद, दर्गा, गढी किंवा मंदिर पाहून तिच्या घडणीतील धार्मिक आणि प्रादेशिक घटक वेगवेगळे नोंदवा.