चित्रांस चालविणारा एमिल रेनो

हलणारीं चित्रें म्हटलीं म्हणजे बहुतेकांस ल्युमिएर बंधूंचें नांव आठवतें. परंतु त्यांच्या १८९५ च्या डिसेंबरांतील सुप्रसिद्ध खेळापूर्वीं तीन वर्षें, त्याच पॅरिस शहरांत, एक मनुष्य हातानें रंगविलेलीं चित्रें पडद्यावर नाचवून दाखवीत होता, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते.

एमिल रेनो याचा जन्म ८ डिसेंबर १८४४ रोजीं पॅरिसजवळील मोंत्रय येथें झाला. बाप घड्याळांच्या व कोरीवकामाच्या धंद्यांतला, आई जलरंगांत चित्रें काढणारी. तेव्हां यंत्र आणि कुंचला हीं दोन्ही त्यास घरींच मिळालीं. तरुणपणीं त्यानें म्वान्यो नांवाच्या विज्ञानप्रेमी पाद्र्याच्या हाताखालीं, शास्त्रीय व्याख्यानांत जादूच्या कंदिलानें चित्रें दाखविण्याचें काम केलें. १८७७ सालीं त्यानें 'प्रॅक्सिनोस्कोप' नांवाचें खेळणें काढलें. फिरत्या डब्याच्या आंतून बारा चित्रें लावावयाचीं व मध्यभागीं बारा आरसे. डबा फिरविला कीं आरशांतील चित्र जिवंत भासे. खेळणें खपलें, पण बारा चित्रांत गोष्ट ती किती मावणार!

म्हणून त्यानें चित्रांची लांब पट्टी केली. जिलेटिनच्या पारदर्शक तुकड्यांवर एकेक चित्र रंगवून ते तुकडे ओळीनें जोडले व पट्टीस भोंकें पाडून ती चाकावरून फिरेल अशी योजना केली. २८ ऑक्टोबर १८९२ रोजीं ग्रेव्हँ संग्रहालयांत पहिला जाहीर खेळ झाला. त्यांतील 'गरीब बिचारा पिएरो' ही चित्रकथा सुमारें ५०० चित्रांची होती. कोलंबाईनच्या अंगणांत आर्लकँ येतो, मागून भोळा पिएरो गाणें गावयास येतो, आणि लपलेला आर्लकँ त्याला काठीनें घाबरवून पळवून लावतो, कथा एवढीच.

तिचे गुण मोठे आहेत. रंग कोमल व मोजके असून, प्रत्येक पात्राचा स्वभाव त्याच्या चालण्यावरून ओळखूं येतो. गास्तों पोलँ यानें खास संगीत रचलें होतें, आणि काठीचा तडाखा बसतांच विजेच्या योजनेनें आवाजही होई. मात्र दोषही लपविण्याजोगे नाहींत. मागील देखावा दुसऱ्या कंदिलानें टाकलेला, त्यामुळें तो जागचा हालत नसे. पांचशें चित्रांवर दहा-पंधरा मिनिटें काढावयाचीं म्हणून पट्टी हातानें मागेंपुढें फिरवावी लागे. त्यांत मौज होती खरी, परंतु तें काम वाटेल त्याच्या हातून होणारें नव्हतें. सर्वांत मोठी अडचण ही कीं पट्टी एकच, तिची दुसरी प्रत निघत नसे. ती झिजली कीं दुरुस्ती रेनोच्याच माथीं. शिवाय करारान्वयें त्याला हे खेळ इतरत्र दाखवितां येत नसत. माझ्या मतें त्याच्या कलेपेक्षां या करारानेंच त्याचें अधिक नुकसान केलें.

१९०० पर्यंत बारा हजारांवर खेळ झाले, पांच लाखांवर लोकांनीं ते पाहिले. पण छायाचित्रांच्या फिती एका यंत्रांतून शेंकडों निघूं लागल्या, तेथें महिनोन्‌महिने एकच पट्टी रंगविणाऱ्याचें काय चालणार? खेळ बंद पडले. १९१० च्या सुमारास त्यानें आपलें यंत्र हातोड्यानें फोडलें, आणि पुढें बहुतेक पट्ट्या स्वतःच्या हातानें सेन नदींत टाकून दिल्या. ९ जानेवारी १९१८ रोजीं ईव्री येथील रुग्णालयांत त्याचा अंत झाला.

'पिएरो' आणि समुद्रकांठची 'स्नानकुटीभोंवतीं', एवढ्या दोनच चित्रकथा नदीपासून वांचल्या. २००२ पासून २८ ऑक्टोबर हा दिवस जगभर चलच्चित्रकलेचा दिन म्हणून पाळला जातो.