रविवारी न धावलेला लिडल

पेपर रविवारी आला म्हणून तुम्ही परीक्षा सोडाल? एरिक लिडलने ऑलिम्पिकची शर्यत सोडली. पॅरिस, १९२४. शंभर मीटर ही त्याची हुकमी शर्यत, पण फेऱ्या रविवारी. आणि रविवार देवाचा, त्या दिवशी खेळायचं नाही, हा त्याचा नेम. वेळापत्रक काही महिने आधीच कळलं होतं. गडी चारशे मीटरच्या सरावाला लागला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन आला.

पुढच्याच वर्षी तो लंडन मिशनरी सोसायटीच्या कामाला चीनमध्ये गेला, शिक्षक म्हणून. जन्मही तिथलाच, तिआनजिनचा. १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला वेईशिएनच्या छावणीत डांबलं. तिथे अडकलेल्या पोरांना तो शिकवायचा, त्यांचे सामने लावायचा. रविवारी मात्र नाही. मग एका रविवारी पोरांनी स्वतःच हॉकी मांडली आणि प्रकरण मारामारीवर गेलं. त्यानंतरच्या रविवारी मैदानात पंच कोण, सांगा बरं? लिडल! पदकासाठी न मोडलेला नेम त्याने पोरांसाठी मोडला. (मला तर ऑलिम्पिकपेक्षा हेच भारी वाटतं.)

फेब्रुवारी १९४५ मध्ये मेंदूतल्या गाठीने तो छावणीतच गेला. वय अवघं ४३. छावणी सुटली ऑगस्टमध्ये.