ढोलकीवर आलेली युद्धाची बातमी

दर १ ऑगस्टला आपण अण्णाभाऊ साठ्यांच्या तसबिरीला हार घालतो. हार झाला की चहा, आणि मंडळी पांगतात. पण हा माणूस सरकारला एवढा का खुपत होता, हे फारसं कुणी बोलत नाही. म्हणून आज खत-फवारणीचं थोडं बाजूला ठेवू.

अण्णाभाऊंचं खरं नाव तुकाराम. जन्म १९२० चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा, मातंग घरातला. इंग्रजांनी ज्या जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता, त्यांना सरकारी हजेरी द्यावी लागे. ही हजेरी अण्णाभाऊंनी पुढे 'फकिरा' कादंबरीत मांडली. शाळा म्हणाल तर जेमतेम दीड दिवस. अकरा-बारा वर्षांचे असताना घरची मंडळी पायी मुंबईला निघाली. तीनशे किलोमीटरच्या वरची वाट! मुंबईत हमाली केली, गिरणीत राबले. दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं गिरवली आणि नात्यातल्या तमाशाच्या फडात ढोलकी-तुणतुण्याशी दोस्ती झाली. कामगार चळवळीत ते कम्युनिस्ट झाले.

आता युद्धाकडे येऊ. १९४२-४३ च्या हिवाळ्यात रशियातल्या स्टालिनग्राडला हिटलरची फौज अडली आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये शरण आली. आपल्याकडे रेडिओ मोजक्या घरांत, वर्तमानपत्रावर सरकारची कात्री. अण्णाभाऊंनी या लढाईवर पोवाडा रचला आणि चाळीतल्या, मैदानातल्या माणसाला ती लढाई ऐकवली. हा युद्धविरोधी पोवाडा नव्हता बरं का, तो शहर राखणाऱ्यांच्या बाजूचा होता. त्यावेळी कम्युनिस्ट पक्ष 'चले जाव' पासून दूर राहिला, आणि आपल्या सातारा भागात तर नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. त्यामुळे पुष्कळांना तो पक्ष खटकला. खटकणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही.

पण त्याच युद्धाची दुसरी बाजूही त्यांनी गायली. १९४३ मध्ये बंगालात दुष्काळ पडला. तांदूळ फौजेकडे आणि शहराकडे ओढला गेला, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने नदीकाठच्या होड्याही काढून घेतल्या. भाव भडकले. सुमारे तीस लाख माणसं गेली, त्यात भूमिहीन मजूर आणि कोळी फार. या उपासमारीवर अण्णाभाऊंनी पोवाडा केला. धान्य कुठे अडतं आणि माणूस कुठे मरतो, हे शेतकऱ्याला वेगळं समजावून सांगायला लागत नाही.

१९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत त्यांनी 'लाल बावटा कलापथक' काढलं. तमाशाचा साचा तोच ठेवला, माल बदलला. गणात गणपतीऐवजी मायभूमीला नि हुतात्म्यांना वंदन केलं, गवळण काढून टाकली. वगाची नावंच बघा: 'शेटजींचं इलेक्शन', 'लोकमंत्र्यांचा दौरा'. दौऱ्याच्या आदल्या दिवशी रस्त्यावर मुरूम टाकणाऱ्यांना (त्यात आम्ही खात्याची माणसंही आलो) जास्त सांगायला नको!

स्वातंत्र्य आलं तरी गाणी थांबली नाहीत. मग मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई सरकारने कलापथकावर बंदी घातली. तमाशा म्हटला की अडवणूक, तेव्हा 'लोकनाट्य' हे नाव पुढे आलं. ढोलकी तीच. सभेला आम्ही बोलावलं तर पंधरा माणसं येतात, ढोलकी कडाडली की गाव लोटतं. सरकारला भीती वाटली ती याचीच.

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची 'माझी मैना' गाजली. पोटासाठी मुंबईला आलेला गडी, गावी राहिलेली त्याची बायको. ही ताटातूट शेवटी बेळगाव-कारवार-निपाणी तुटल्याच्या दुःखाला जाऊन मिळते. मोर्चात गोळ्या खाल्लेल्यांचे सोबती हीच छक्कड गात होते. १९६० मध्ये राज्य मिळालं, बेळगाव राहिलंच.

'फकिरा'ला १९६१ मध्ये राज्य पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी रशियाची वारी झाली. तरी बराच काळ घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत गेला. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात ते गेले, वय अठ्ठेचाळीस. हातात पैसा नव्हता.

१९८५ मध्ये राज्य सरकारने मातंग समाजासाठी त्यांच्याच नावाने विकास महामंडळ काढलं. तलाठी मंडळी, त्या कर्जासाठी उत्पन्नाचा दाखला मागायला माणूस दारात आला, तर त्याला चार हेलपाटे घालायला लावू नका.