लोखंडी नांगराचे निर्माते : लक्ष्मणराव किर्लोस्कर

थोर संशोधकांची नावे घेताना आपली दृष्टी सहसा सातासमुद्रापलीकडे जाते. परंतु यंत्रविद्येस आयुष्य वाहिलेला एक पुरुष आपल्याच जिल्ह्यात जन्मास आला. २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म झाला. वडील वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचे मन मात्र चित्रांत आणि यंत्रांत रमे.

चित्रकार होण्याच्या उमेदीने ते १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे त्यांना कळून चुकले की, काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना उमगत नाही. चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता? पण रंग हातचे गेले तरी रेघ शाबूत होती. ते यंत्रांच्या रेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा यांच्या साहाय्याने १८८८ साली सायकलींचे दुकानही निघाले. नोकरीत बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर लक्ष्मणराव बेळगावास परतले. तेथील लहानशा कारखान्यात प्रथम कडबा कापण्याची यंत्रे आणि नंतर लोखंडी नांगर तयार होऊ लागले.

या नांगराचे मर्म पुस्तकापेक्षा हातांनी लवकर समजते. खोक्याच्या झाकणात ओलसर वाळू भरा व तिच्यावर पांढरी रांगोळी पसरा. टोकदार काडी ओढली तर केवळ चर उमटेल. बाजूची रांगोळी वरच राहील. आता जाड पुठ्ठ्याची पट्टी किंचित वाकवून, तिरपी धरून ओढा. वाळू एका अंगास उलटेल आणि रांगोळी तिच्याखाली जाईल. लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगर ती पालटतो व तण गाडून टाकतो. सारे कौशल्य त्या बाकात आहे.

आपल्याला खोक्यात क्षणात दिसते, ते त्या काळच्या शेतकऱ्यांना सहजासहजी पटले नाही. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी त्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली. तरीही लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही.

पुढे दुसरे संकट आले. कारखान्याची जागा नव्या वसाहतीसाठी नगरपालिकेला हवी होती. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ त्यांना दिला. निवडुंगाने व्यापलेल्या त्या ओसाड जमिनीवर १९१० साली कारखाना उभा राहिला आणि त्याभोवती कामगारांची वसाहत वसली. तीच किर्लोस्करवाडी. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले, तोवर त्यांच्या नांगराखाली महाराष्ट्र-कर्नाटकातील कितीतरी जमीन आली होती.

मुलांनो, वर्गात एखाद्याचा रंग चुकला, तर त्याला हसू नका. त्याच्या हाती पुठ्ठा आणि कात्री द्या, आणि तो काय घडवितो ते पाहा.