धन्य फ्रेडरिक ओझानाम

दानबुद्धि संपत्तीनें येते कीं राजकीय मतानें? ह्या प्रश्नाचें उत्तर धन्य फ्रेडरिक ओझानाम ह्यांच्या चरित्रांत सांपडतें.

त्यांचा जन्म १८१३ सालीं मिलान शहरीं झाला. वडील डॉक्टर असून गरिबांस विनामूल्य औषधोपचार करीत. पॅरिस येथें कायद्याचा अभ्यास करीत असतां, ख्रिस्तसभा आज गरिबांसाठीं काय करते, असा टोमणा विरोधी मताच्या विद्यार्थ्यांनीं त्यांस मारिला. ओझानाम ह्यांनीं वादाऐवजीं आपलें उरलेलें सर्पण एका गरिबाच्या घरीं नेऊन पोंचविलें. आणि १८३३ सालीं मित्रांसह जी मंडळी स्थापिली, तीच संत विन्सेंट डी पॉल सोसायटी होय. गरिबांच्या घरांची वाट त्यांस भगिनी रोजाली रँडू ह्यांनीं दाखविली.

मंडळींत राजपक्षाचे होते, तसे लोकसत्तेचेही होते. म्हणून राजकारण सभेबाहेर ठेवण्याचा नियम झाला. ओझानाम स्वतः मतांविषयीं उदासीन नव्हते. १८४८ च्या क्रांतींत त्यांनीं वृत्तपत्रांतून लोकसत्तेचा व मजुरांचा पक्ष घेतला. त्यामुळें कित्येक कॅथलिकांचा रोष त्यांनीं ओढवून घेतला. तथापि गरिबाच्या दारीं जातांना त्याचें मत त्यांनीं विचारिलें नाहीं.

१८५३ सालीं, अवघ्या चाळिसाव्या वर्षीं, मार्सेय येथें ते निवर्तले. १९९७ सालीं पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनीं त्यांस धन्य म्हणून घोषित केलें.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, थैली जड असो वा हलकी, पक्ष कोणताही असो, आपण कोणत्या गरिबाचा उंबरठा ओलांडिला, हें प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें.