गल्लोगल्ली झेरॉक्स निघते, पण ते मशीन ऑफिसात पोहोचायला २१ वर्षं लागली होती

आधार कार्डची झेरॉक्स, सातबाऱ्याची झेरॉक्स, दोन रुपये टेकवले की काम झालं. हे ज्याच्या डोक्यातून निघालं तो माणूस म्हणजे चेस्टर कार्लसन.

जन्म १९०६ चा, अमेरिकेतल्या सिॲटलचा. घरची परिस्थिती बेताची, वडील कायम आजारी. फिजिक्सची डिग्री घेऊन कार्लसन न्यूयॉर्कमधल्या एका कंपनीच्या पेटंट विभागात लागला. तिथं कागदपत्रांच्या प्रती कधीच पुरायच्या नाहीत. एक तर हातानं उतरवून काढा, नाहीतर महागडा फोटो काढा. त्यात कार्लसनला संधिवात.

त्याने स्थिर विजेचा मार्ग धरला. २२ ऑक्टोबर १९३८ ला ॲस्टोरियातल्या भाड्याच्या खोलीत त्याने आणि ऑटो कोर्नाय या मदतनीसाने जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला आणि तो रुमालाने घासून चार्ज केला. काचेवर तारीख आणि ॲस्टोरिया हे नाव लिहून वरून प्रकाश सोडला. प्रकाश पडला तिथला चार्ज गेला, अक्षरांखालचा राहिला. त्यावर बारीक पावडर चिकटली आणि मेणकागदावर अक्षरं उमटली.

पण दाखवायला हातात होता फक्त एक पत्रा आणि पुसट अक्षरं. कोर्नायने दुसरी नोकरी धरली. आयबीएम, कोडॅकसह वीसहून जास्त कंपन्यांनी नकार दिला.

१९४४ मध्ये बॅटेल ही संशोधन संस्था तयार झाली. तिथं गंधकाच्या जागी सेलेनियम आलं, रुमालाच्या जागी चार्ज देणारी तार आली. पुढं रॉचेस्टरच्या हॅलॉइड या छोट्या कंपनीने सगळं पणाला लावलं. तरी १९४९ चं पहिलं मशीन ऑफिसांत आपटलं, कारण एका कॉपीसाठी ३९ गोष्टी हाताने कराव्या लागायच्या. छापखान्यांना ऑफसेटच्या प्लेट बनवायला ते उपयोगी पडलं, म्हणून निभावलं.

शेवटी १९५९ मध्ये ९१४ हे मॉडेल आलं. बटण दाबा, साध्या कागदावर मिनिटाला सात कॉपी. वजन जवळपास ३०० किलो. कागद आत अडकून पेटायचा, म्हणून सोबत आग विझवायचं नळकांडंही दिलं जायचं! पण कंपनीने मशीन भाड्याने दिलं, महिना ९५ डॉलर. बंद पडलं तर भुर्दंड कंपनीलाच, त्यामुळं दुरुस्तीवाले धावत यायचे. ऑफिसांची भीती तिथंच मोडली.

हॅलॉइडचं नाव पुढं झेरॉक्स झालं. कार्लसन गडगंज झाला आणि सुमारे दहा कोटी डॉलर, बहुतेक नाव न सांगता, वाटून मोकळा झाला. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका थिएटरमध्ये सिनेमा बघताना तो गेला.