श्रीरामपूरच्या छापखान्यातील विल्यम कॅरी

मराठी वाचकाला विल्यम कॅरीचे नाव परिचित आहे ते १८०५ साली निघालेल्या मराठी व्याकरणामुळे आणि १८१० साली मोडी खिळ्यांत छापलेल्या कोशामुळे. ही पुस्तके ज्या छापखान्यातून बाहेर पडली तो बंगालमध्ये, हुगळीकाठच्या श्रीरामपूर येथे होता. महाराष्ट्रातील त्याच नावाच्या गावाशी त्याची गल्लत होऊ नये. पुस्तकांची चर्चा पुष्कळ झाली आहे. ती ज्या घरात सिद्ध झाली, त्या घराच्या कारभाराकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

कॅरीचा जन्म १७६१ साली नॉर्थॅम्प्टनशायरमधील पॉलर्सपरी या खेड्यात, विणकराच्या घरी झाला. जोडे शिवण्याच्या धंद्यात त्याने उमेदवारी केली. पुढे मोठ्या पदाला पोहोचल्यावरही हा पूर्वेतिहास त्याने कधी लपविला नाही; कोणी जोडे बनविणारा म्हणून हिणविले, तर आपण केवळ फाटके जोडे सांधणारे होतो, अशी दुरुस्ती तो स्वतःच करी, असे सांगतात. १७९३ साली तो कलकत्त्यास उतरला आणि काही वर्षे मदनाबाटी येथील निळीच्या कारखान्याचा व्यवस्थापक होता. कंपनी सरकारचा मिशनऱ्यांना विरोध असल्यामुळे, १८०० च्या जानेवारीत तो डॅनिश अमलाखालील श्रीरामपुरास आला. तेथे मुद्रक विल्यम वॉर्ड व शिक्षक जोशुआ मार्शमन नुकतेच येऊन दाखल झाले होते.

वयाने व अनुभवाने कॅरी ज्येष्ठ. बंगाली येणारा तोच. प्रमुखपद त्याच्याकडे आपोआप चालून आले असते. पण मोरेव्हियन पंथीयांच्या वसाहतींचा आदर्श त्याच्यापुढे होता आणि त्याने वेगळी घडी बसविली. सर्वांचे जेवण एका पंक्तीला, सर्वांची मिळकत एका तिजोरीत. घरकारभाराची देखरेख महिन्यामहिन्याने एकेकाकडे फिरे, आणि शनिवारची संध्याकाळ परस्परांतील कुरबुरी मिटविण्यासाठी राखलेली असे. १८०५ साली हे नियम लेखी झाले व ठाण्याठाण्यांवर वर्षातून तीनदा वाचले जाऊ लागले. अखेरच्या भोजनसमयी येशूने शिष्यांचे पाय धुतले, ही योहानाच्या शुभवर्तमानातील कथा प्रत्येक ख्रिस्ती माणसाला ठाऊक असते. तिचा अन्वय हिशेबाच्या वहीपर्यंत नेणारे थोडे.

या व्यवस्थेची खरी कसोटी पैशाने लागली. १८०१ पासून कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात दरमहा पाचशे रुपयांवर शिकवू लागला. पुढे प्राध्यापक झाल्यावर वेतन हजार झाले. ती रक्कम सामाईक तिजोरीत जाई. कॉलेजात व गव्हर्नर-जनरलच्या दरबारी बरे कपडे लागतात म्हणून त्याच्या भत्त्यात थोडी वाढ तेवढी मान्य झाली होती. मार्शमन पतिपत्नींच्या शाळांचे उत्पन्नही तसेच जमा होई. हॅना मार्शमनने त्या घराचा भार वाहिला, ही गोष्ट चरित्रकार ओझरती सांगतात.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कॅरी कलकत्त्यास होता. कागद, अनेक लिप्यांचे खिळे, हस्तलिखिते जळाली. त्याचा संस्कृतादि भाषांचा बहुभाषिक कोश गेला तो पुन्हा कधी पुरा झाला नाही. ठसे व साचे मात्र वाचले. ढिगाऱ्यातून वितळलेले शिसे उपसून कारागिरांनी नवे खिळे ओतण्यास लगेच आरंभ केला.

हे कारागीर कोण होते? पंचानन कर्मकार व त्याच्यामागून त्याचा जावई मनोहर यांनी कोरलेल्या अक्षरांवर तो छापखाना उभा होता. मराठीच्या बाबतीत कॅरीची भिस्त वैजनाथ पंडितांवर होती. पण हे सारे पगारी. सामाईक तिजोरी मिशनऱ्यांची होती, नावही बहुधा कॅरीचेच राहिले. (ब्राह्मण पंडित त्या पंक्तीला बसले असते असे नव्हे, परंतु पंक्ती आणि श्रेय या भिन्न गोष्टी आहेत.) सेवकभावाची ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. दुसरी मर्यादा घरातली. पत्नी डॉरोथीचे मन बंगालमध्ये ढासळले. १८०७ साली ती वारली, तोपर्यंत कित्येक वर्षे तिला कोंडून ठेवावे लागत होते आणि शेजारच्या खोलीत भाषांतर चालू होते. सर्वांचा सेवक होऊ पाहणाऱ्या माणसाचे चरित्र येथे अवघडते.

नंतर आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी हे नियम स्वतः निवडलेले नव्हते. ज्येष्ठांच्या त्यागाचाच त्यांना जाच वाटू लागला. १८१८ साली त्यांनी कलकत्त्यात स्वतंत्र ठाणे काढले. लंडनच्या संस्थेला श्रीरामपूरच्या मालमत्तेवर ताबा हवा होता. ज्यांनी ती कमावली त्यांच्यावरच संशय घेण्यात आला. १८२३ साली वॉर्ड पटकीने गेला, १८२७ साली संस्थेशी संबंध तुटला.

९ जून १८३४ रोजी कॅरीचा मृत्यू झाला. श्रीरामपूरच्या मिशनच्या मालमत्तेवर आपला कोणताही हक्क नाही, असे त्याने मृत्युपत्रात नमूद केले होते. जेबेझ या मुलाला द्यावयाचे दीड हजार रुपये पुस्तके विकून उभे करावेत, अशीही तरतूद त्यात होती.